पंख्यामागचे हात: लष्करी विमानाच्या मेकॅनिकची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा घाटात रेंज गेली की ज्यांचा ऑडिओ मध्येच अडकतो, त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय. बोलताना केलेली इकडतिकडची बडबड काढली आहे, बाकी सगळं तसंच आहे.

एका साध्या प्रश्नापासून सुरू करू. मे-जून महिना आहे. समुद्रात वादळ तयार होतंय, बंदरावर इशाऱ्याचा बावटा लागलाय. मिरकरवाड्याच्या काही बोटी अजून खोल पाण्यात आहेत आणि तिथे मोबाइल चालत नाही. अशा वेळी कोस्ट गार्डचं डॉर्नियर विमान किनाऱ्यापासून दूर जातं, बोटींवर घिरट्या घालतं आणि रेडिओवरून सांगतं, की परत फिरा. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या दिवसांत कोस्ट गार्डची जहाजं आणि विमानं हेच काम करत होती.

आता प्रश्न असा, की ते विमान उडण्यालायक आहे हे सकाळी कुणी ठरवलं? पायलट तर शेवटी येतो. त्याच्या आधी कुणीतरी पंख्याच्या प्रत्येक पात्यावरून हात फिरवलेला असतो, इंजिनाचं झाकण उघडून तेल बघितलेलं असतं आणि एका कागदावर सही केलेली असते. आजचा भाग त्या सहीवाल्या माणसावर आहे. लष्करी विमानाचं इंजिन आणि प्रोपेलर सांभाळणारा मेकॅनिक.

मी सॉफ्टवेअरवाला आहे, बीटेक केलंय, आणि घरच्यांच्या भाषेत 'इंजिनियर' आहे. पण इंजिन या गोष्टीला माझा हात क्वचितच लागतो. त्यामुळे हा भाग वाचून-शोधून केलाय, आणि करताना भारताच्या हवाई दलाचा इतिहास मला वेगळ्याच बाजूने दिसला. इतिहासात आपल्याला सहसा कॉकपिटमधून बघायला शिकवतात. आज जरा पंखाखाली उभं राहून बघू.

एकोणीस हवाई सिपाही

१ एप्रिल १९३३. कराचीजवळ ड्रिग रोड. भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली. विमानं चार, वेस्टलँड वापिती नावाची, कापड मढवलेली दोन मजली पंखांची. अधिकारी सहा. आणि १९ 'हवाई सिपाही'. हा शब्द तेव्हा अधिकृतपणे वापरला जायचा. विमानाखाली काम करणारे, इंजिन उघडणारे, दोऱ्या-तारा ताणणारे असे ते १९ जण.

जरा आकडे बघा. चार विमानांमागे १९ जमिनीवरची माणसं. म्हणजे पहिल्या दिवसापासून पायलटपेक्षा मेकॅनिक जास्त होते. तरी आपल्याला शाळेत हवाई दल म्हटलं की आकाशाकडे बघणारा एकटा वीर आठवतो.

या हवाई सिपायांत एक नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे, हरजिंदर सिंग. लाहोरच्या मॅक्लागन इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला हा तरुण. शिकलेला इंजिनियर, पण भरती झाला साध्या सिपायाच्या हुद्द्यावर, हातात पाना घेऊन. १९४२ च्या फेब्रुवारीत पहिली स्क्वाड्रन ब्रह्मदेशात टांगू इथे पोचली, तेव्हा तिच्याकडे लायसँडर विमानं होती. लायसँडर म्हणजे टेहळणीचं संथ विमान, बॉम्बफेकीसाठी बनवलेलंच नाही. जपानी विमानांनी टांगूवर हल्ला केल्यावर स्क्वाड्रनचे प्रमुख के. के. मजुमदार यांनी उलटा हल्ला करायचं ठरवलं. पण बॉम्ब टांगणार कुठे? ती सोय हरजिंदर सिंग आणि त्यांच्या जमिनीवरच्या लोकांनी केली. मजुमदारांचं नाव झालं, आणि ते योग्यच होतं. हरजिंदर सिंगही पुढे चढत चढत एअर व्हाइस मार्शल झाले. सिपाही म्हणून शिरलेला माणूस इतक्या वर पोचला, हे त्या काळात विरळच.

हात थांबले तर?

या लोकांची ताकद कळली ती १९४६ मध्ये. युद्ध संपलं होतं. भारतात अडकलेले ब्रिटिश हवाई दलाचे जवान म्हणत होते, आम्हाला घरी पाठवा. सरकार वेळ काढत होतं. जानेवारीत याच ड्रिग रोडवर त्यांनी काम बंद केलं आणि संप एकेका तळावर पसरत गेला. यात मोठा भरणा जमिनीवरच्या लोकांचा होता. बंदूक उचलायची गरजच पडली नाही. मेकॅनिकने सही केली नाही की विमान उडत नाही, एवढंच पुरे होतं.

पुढच्याच महिन्यात, १८ फेब्रुवारीला, मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावर भारतीय खलाशांचं बंड सुरू झालं. इथे रत्नागिरीकरांनी कान टवकारायला हवेत, कारण जुन्या नौदलात आपल्या जिल्ह्यातून, विशेषतः कोकणी मुसलमान घरांतून, भरती होण्याची परंपरा फार मोठी होती. त्या बंडाला मुंबईतल्या हवाई दलाच्या छावण्यांतल्या भारतीय जवानांनीही काम थांबवून पाठिंबा दिला. इतिहासाच्या पुस्तकात नौदलाचं बंड एका परिच्छेदात येतं, हवाई दलाच्या या जवानांना बहुतेक वेळा अर्धं वाक्य मिळतं.

सोलापूरचा शेठ आणि बंगलोरचा कारखाना

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. त्यासाठी आधी बंगलोरला जायला लागेल, पण वाट सोलापूरवरून आहे.

वालचंद हिराचंद हे नाव वालचंदनगरमुळे किंवा सांगलीच्या वालचंद कॉलेजमुळे तुम्ही ऐकलं असेल. जन्म १८८२, सोलापूर. जहाजं, मोटारी आणि विमानं या तिन्ही धंद्यांत भारतीय माणसाने उतरायचं ठरवलेला उद्योगपती. त्यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. आजच्या एचएएलची ही सुरुवात. अमेरिकन विमान व्यावसायिक विल्यम पॉली यांची साथ होती.

विमानं बनवायची हे स्वप्न. पण युद्ध तापलं होतं, जपान दारात आलं होतं. १९४२ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि १९४३ मध्ये तो अमेरिकन लष्करी हवाई दलाच्या हाताखाली गेला. नवी विमानं बनवण्याचं काम मागे पडलं. त्याऐवजी मोडकी, थकलेली, गोळ्या लागलेली विमानं येऊ लागली आणि ती दुरुस्त करून परत पाठवायची, हा रोजचा धंदा झाला.

वालचंदांच्या स्वप्नाच्या दृष्टीने बघितलं तर हे अपयश वाटेल. पण त्या दोन-अडीच वर्षांत तिथल्या भारतीय कामगारांच्या हाताखालून काय काय गेलं बघा. डकोटा मालवाहू विमानं, समुद्रावर उतरणारी कॅटलिना विमानं. आणि गंमत अशी, की या दोन्ही विमानांत एकाच जातीचं इंजिन होतं. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचं ट्विन वास्प.

हे नाव लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीची किल्ली इथे आहे.

ट्विन वास्प म्हणजे काय प्रकरण?

तुमच्या बाइकला एक सिलिंडर आणि एक स्पार्क प्लग असतो. ट्विन वास्पला १४ सिलिंडर. ते फुलाच्या पाकळ्यांसारखे गोल मांडलेले, सात पुढे आणि सात मागे. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एका इंजिनाला २८. इंजिनाची क्षमता साधारण ३० लिटर. १०० सीसीच्या ३०० बाइक एकत्र केल्या तर जेवढी होईल तेवढी. ताकद १,२०० अश्वशक्तीच्या घरात.

या इंजिनाची एक खोड होती. विमान रात्रभर उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांमध्ये साचतं. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबलं जातं, तेल दाबलं जात नाही. तसंच स्टार्टर मारला तर पिस्टन त्या तेलावर आपटतो आणि आतला दांडा वाकतो. कधी लगेच कळतं, कधी उडाल्यावर. म्हणून सकाळी पहिलं काम ठरलेलं. दोन-तीन जणांनी पंख्याचं पातं धरायचं आणि इंजिन हाताने फिरवायचं. फिरताना अडलं, तर जोर लावायचा नाही. थांबायचं, खालचे प्लग काढायचे, तेल बाहेर येऊ द्यायचं, मग पुढे.

जोर कुठे लावायचा आणि कुठे थांबायचं, हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. हाताला ते कळायला वर्षं लागतात.

प्रोपेलरचंही तसंच. पातं उडताना आपल्याला दिसतसुद्धा नाही, पण त्यावर प्रचंड ताण असतो. धावपट्टीवरचा बारीक खडा उडून पात्याच्या कडेला टवका पडला, नखाएवढा, तरी तिथून तडा सुरू होऊ शकतो. मेकॅनिक रोज पात्याच्या कडेवरून बोट फिरवतो. टवका सापडला तर मापात बसतोय का बघायचं, बसत असेल तर बारीक कानशीने घासून तो उतरता करायचा, म्हणजे ताण एका ठिकाणी साठत नाही. मापाबाहेर असेल तर पातं उतरवायचं. त्या विमानाची कितीही घाई असो.

कानपूरचं भंगार

आता गोष्ट कानपूरला जाते. युद्धात ब्रिटिश हवाई दल भारतातून लिबरेटर नावाची चार इंजिनांची मोठी बॉम्बफेकी विमानं वापरत होतं. ही विमानं अमेरिकेने उसनवारीच्या करारावर दिलेली. युद्ध संपल्यावर अट अशी, की परत करा नाहीतर निकामी करा. एवढी विमानं परत न्यायला कुणाला वेळ नव्हता. कानपूरजवळ चकेरीच्या मैदानावर ती रांगेने उभी केली आणि मोडली. कुणाच्या इंजिनात वाळू ओतली, कुणाच्या अंगाला भोकं पाडली, असं सांगतात. पुन्हा कुणी उडवू नये हाच हेतू.

१९४७ आलं. फाळणी झाली, काश्मीरमध्ये युद्ध पेटलं. नव्या भारताकडे लांब पल्ल्याची एकही मोठी बॉम्बफेकी तुकडी नव्हती. परदेशातून घ्यायची तर पैसे नाहीत आणि कुणी पटकन देणारही नाही. तेव्हा लक्ष गेलं कानपूरच्या भंगाराकडे.

काम बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टकडे आलं. त्यांची माणसं कानपूरला गेली. पद्धत अशी, की या विमानाचं चांगलं चाक, त्या विमानाचं चांगलं इंजिन, तिसऱ्याची काच असं जमवत एकेक विमान जेमतेम एका उड्डाणापुरतं उभं करायचं. मग कंपनीचे टेस्ट पायलट जमशेद मुन्शी ते कानपूरहून बंगलोरला उडवत न्यायचे आणि तिथे पूर्ण ओव्हरहॉल व्हायचं. एक-दोन नाही, अशी चाळीसच्या आसपास विमानं मुन्शींनी नेली.

एक क्षण कल्पना करा. इंजिनात मुद्दाम वाळू टाकलेली, पावसात-उन्हात पडलेली चार इंजिनं. म्हणजे ११२ स्पार्क प्लग, ५६ सिलिंडर, साडेअकरा फुटांचे चार पंखे. कुणीतरी हे सगळं तपासलं आणि मुन्शींना सांगितलं, 'जा, उडेल.' मुन्शींचं धाडस मोठं होतंच. पण त्या 'उडेल' शब्दाची जबाबदारी घेणाऱ्यांची नावं आज कुणाला पटकन सांगता येणार नाहीत.

आणि हे जमलं कसं? चमत्कार म्हणून सोडून दिलं तर इतिहास कळत नाही. लिबरेटरच्या पंखांवर होती चार ट्विन वास्प इंजिनं. डकोटावालीच, कॅटलिनावालीच जात. युद्धाच्या काळात बंगलोरच्या कामगारांनी ज्या इंजिनाची हाडंन् हाडं पाहिली होती, तेच इंजिन कानपूरच्या गवतात पडलं होतं. 'आपण विमान बनवलं नाही, नुसती दुसऱ्यांची दुरुस्त केली' असं ज्या वर्षांबद्दल वाटलं असेल, त्याच वर्षांनी हे विमानदल दिलं.

२ नोव्हेंबर १९४८ ला कानपूरला पाचवी स्क्वाड्रन याच लिबरेटरवर उभी राहिली. स्वतंत्र भारताची पहिली जड बॉम्बफेकी तुकडी, भंगारातून.

पुण्याहून समुद्रावर

मग हे विमान आपल्या बाजूला आलं. १९५१ मध्ये सहावी स्क्वाड्रन पुण्यात लिबरेटरवर पुन्हा उभी राहिली. काम होतं सागरी टेहळणी. पुण्याहून अरबी समुद्र गाठायचा तर आधी सह्याद्री आणि मग कोकण ओलांडायलाच लागतं, आणि पुढे तासन्‌तास नुसतं पाणी.

इथे प्रोपेलरच्या मेकॅनिकचं आणखी एक काम समजून घेऊ. समुद्रावर एखादं इंजिन बंद पडलं, तर बंद पंखा वाऱ्यात आडवा राहून ब्रेकसारखा ओढतो. म्हणून पायलट एक बटण दाबतो, तेलाच्या दाबाने पात्यांचा कोन फिरतो आणि पाती वाऱ्याला धार देऊन उभी राहतात. याला 'फेदर' करणं म्हणतात. मग विमान उरलेल्या तीन इंजिनांवर घरी येऊ शकतं. पण ही सोय वर्षात कदाचित एकदाच लागते, आणि ज्या दिवशी लागते त्या दिवशी चाललीच पाहिजे. ती चालते का हे जमिनीवर पुन्हा पुन्हा तपासणारा माणूस वेगळा, आणि तिच्यावर जीव अवलंबून असलेला माणूस वेगळा. दोघांमधला पूल म्हणजे ती सही.

या सहीचं रजिस्टर ब्रिटिश काळापासून चालत आलंय. फॉर्म ७०० असं त्याचं नाव. आजही हवाई दलात हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. कुठलं काम केलं, कुणी केलं, कुणी तपासलं, हे सगळं त्यात. काम करणाऱ्याची सही, वरच्याची सही, आणि शेवटी पायलटची, की मी हे विमान असं असं ताब्यात घेतलं. आमच्या धंद्यात कोडच्या प्रत्येक ओळीमागे कुणी कधी बदल केला याची नोंद राहते. फरक एवढाच, की आमचं काही बिघडलं तर जुनी आवृत्ती परत चढवता येते. दहा हजार फुटांवर तशी सोय नाही.

लिबरेटर भारताने १९६८ पर्यंत वापरलं. जगात लढाऊ सेवेत उरलेली शेवटची लिबरेटर ही आपलीच. नंतर जगभरच्या संग्रहालयांना जाग आली, की अरे, अमेरिकेने आपली बहुतेक तोडून वितळवून टाकली, चालू अवस्थेतली भारताकडेच आहेत! एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये गेलं, एक ॲरिझोनातल्या पिमा संग्रहालयात. आणखी एक अमेरिकेत पुन्हा दुरुस्त होऊन १९८९ पासून कित्येक वर्षं उडत राहिलं. ज्या विमानांत वाळू ओतून ती मारली होती, त्यांच्यातलीच काही आज जगाला दाखवायला उरली आहेत.

आज हे काम कुठे चालतं?

ऐकून आश्चर्य वाटेल, पण या कामाचं डोकं महाराष्ट्रात आहे. भारतीय हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय नागपूरला आहे. नाशिकजवळ ओझरला हवाई दलाचा ११ नंबरचा बेस रिपेअर डेपो आणि शेजारीच एचएएलचा कारखाना, जिथे मिग आणि पुढे सुखोई विमानं तयार झाली. गोव्यात दाबोळीला नौदलाचा विमानदुरुस्तीचा यार्ड. आणि हवाई दलात एअरमन म्हणून भरती झालेल्यांचं पहिलं प्रशिक्षण होतं ते बेळगावजवळच्या सांबऱ्याला. म्हणजे रत्नागिरीचा पोरगा विमानाचा मेकॅनिक व्हायला निघाला तर बहुतेक आंबा घाट चढून, कोल्हापूरवरून सांबऱ्याला जातो. २०२३ पासून पोरीसुद्धा, कारण अग्निवीरवायू महिलांची पहिली तुकडी तिथूनच बाहेर पडली.

आज हवाई दलात या कामाला 'प्रपल्शन फिटर' म्हणतात. कोस्ट गार्डमध्ये डिप्लोमावाल्यांच्या भरतीचं नावच 'यांत्रिक' आहे. मला हा शब्द फार आवडतो. साधा, मराठीला जवळचा.

आपल्या मिरजोळ्याचं विमानतळ कोस्ट गार्डच्या ताब्यात आहे, हे रत्नागिरीत सगळ्यांना माहीत आहे. कोस्ट गार्डचं डॉर्नियर हे कानपूरला एचएएलमध्ये बनणारं विमान, दोन इंजिनांचं. इंजिन आता पिस्टनचं नाही, टर्बाइनचं. आतला दांडा मिनिटाला ४०,००० हून जास्त फेरे घेतो आणि गिअर लावून तो वेग पंख्यापर्यंत येताना दीड-दोन हजारांवर आणतात. नव्या आणि सुधारलेल्या डॉर्नियरना पाच पात्यांचा कॉम्पोझिट पंखा आहे. म्हणजे कानशीचं काम कमी झालं, पण आतल्या थरात हवा शिरली नाही ना, ओल गेली नाही ना, हे शोधायचं नवं काम आलं.

आणि एक शत्रू तोच राहिला. तो आपल्या ओळखीचा आहे. खारा वारा. किनाऱ्याजवळच्या घराचं ग्रिल दोन पावसाळ्यांत कसं फुगतं, स्कूटरचा सायलेन्सर कसा गळतो, पत्र्याचे खिळे कसे कुरतडले जातात, हे रत्नागिरीकराला शिकवायला नको. तोच खार समुद्रावर खालून उडणाऱ्या विमानाच्या इंजिनात जातो. म्हणून समुद्रावरून आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने आतून धुतात. उन्हात, पावसात, कुणी बघत नसताना. नट सुटू नये म्हणून त्याला पिळाची तार बांधतात. काम संपलं की पाने मोजतात. एक पाना कमी भरला तर तो मिळेपर्यंत विमान जमिनीवर.

आता थोडं आपल्याबद्दल

हा भाग करताना एक गोष्ट मला टोचत राहिली. आपल्याकडे दहावीनंतर पोराला कमी मार्क पडले की म्हणतात, 'मग आयटीआयला टाका.' 'टाका.' जसं काही सामान आहे. डिप्लोमा म्हणजे डिग्री न जमलेल्यांचा रस्ता. हाताने काम करणारा खाली, स्क्रीनवर काम करणारा वर. माझ्यासारख्यांना या उतरंडीचा फायदाच झालाय, त्यामुळे तिच्याबद्दल बोलायलाही मीच हवा.

इतिहास या उतरंडीला दुजोरा देत नाही. १९४८ मध्ये देशाकडे पैसे नव्हते, विमानं नव्हती, वेळ नव्हता. होती ती युद्धात दुरुस्ती करून तयार झालेली माणसं. हरजिंदर सिंग इंजिनिअरिंग कॉलेजातून येऊन सिपाही झाले आणि पाना हातात धरला म्हणून त्यांचं शिक्षण वाया गेलं नाही. डोकं आणि हात एकाच माणसात असले की काय होतं, ते ब्रह्मदेशात दिसलं आणि कानपूरलाही.

मी असं म्हणत नाहीये, की सगळ्यांनी भरतीला पळा. ते काम कष्टाचं आहे, बदल्या असतात, कानावर आवाजाचा मारा असतो, आणि अग्निवीर भरतीत चार वर्षांनंतर फक्त काही जणांनाच पुढे ठेवतात. हा हिशोब घरी बसून नीट करायला हवा. पण भाचा-पुतण्या 'मला इंजिनं आवडतात' म्हणाला, तर त्याला गप्प करू नका. त्याला विचारा, की अडलेलं इंजिन जोर लावून फिरवायचं की थांबून प्लग काढायचा? त्याला हे आवडीने कळत असेल तर त्याच्याकडे काहीतरी आहे.

आणि एक विनंती. खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर, कुठल्याही गावात बघा, नौदलातून, हवाई दलातून, कोस्ट गार्डमधून निवृत्त झालेले काका-आजोबा असतात. त्यांच्यातले बरेचसे जमिनीवरचे लोक होते. फिटर, यांत्रिक, मेकॅनिक. त्यांना कुणी मुलाखतीला बोलावत नाही. गणपतीत गावी जाल तेव्हा आरती झाल्यावर अर्धा तास त्यांच्याजवळ बसा. 'किती विमानं पाडली?' असं विचारू नका. विचारा, 'काका, तुम्ही कुठल्या इंजिनावर होतात? कधी सही करायला नकार दिलात का?' मोबाइलचा रेकॉर्डर चालू ठेवा, अर्थात त्यांना विचारून. त्यांची हरकत नसेल तर ते रेकॉर्डिंग आम्हाला पाठवा, आपण त्याचा एक वेगळा भाग करू.

गुपितं विचारू नका, तळांची माहिती विचारू नका, ते सांगणारही नाहीत. हातांबद्दल विचारा. ते मात्र भरभरून सांगतील.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि बाइकचा स्पार्क प्लग एकदा स्वतः काढून बघा.